फाइल ट्रान्सफर पडताळणी

एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप जाणारी फाइल खरंच पोचली का, पूर्ण पोचली का आणि जशीच्या तशी पोचली का हे तपासण्याच्या पद्धतीला फाइल ट्रान्सफर पडताळणी म्हणतात. बँकांच्या पेमेंट फाइली, पगाराचा डेटा, दुकानांची दिवसभराची विक्री, लॅबचे रिपोर्ट, डेटाबेसचे बॅकअप असं बरंच काही रात्री जात असतं, त्यावेळी स्क्रीनसमोर कोणी बसलेलं नसतं, म्हणून तपासणीही स्क्रिप्टनेच करावी लागते आणि ती स्क्रिप्ट लिहिताना काय धरून चाललोय यावर सगळं अवलंबून असतं.

सगळ्यात घातक समज म्हणजे एरर आला नाही ना, मग झालं काम. पाठवणाऱ्या बाजूने एरर दिला नाही याचा अर्थ तेवढाच, की पाठवणाऱ्याला काही चुकलेलं दिसलं नाही. फाइल पोचल्याचा पुरावा घेणाऱ्या बाजूकडूनच यायला हवा.

हा घोळ एफटीपीमध्ये, म्हणजे फाइली पाठवायच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये (दोन कॉम्प्युटरांनी बोलायचे ठरलेले नियम), नीट समजतो. या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा म्हणजे एप्रिल १९७१ चा आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), आणि तो लिहिला अभय भूषण यांनी, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी, तेव्हा एमआयटीत होते. आज जो एफटीपी चालतो तो मुख्यतः १९८५ च्या आरएफसी ९५९ प्रमाणे. यात कमांडसाठी एक कनेक्शन असतं आणि डेटासाठी वेगळं, आणि नेहमीच्या स्ट्रीम मोडमध्ये फाइल संपली हे कळवायची खूण म्हणजे डेटा कनेक्शन बंद होणं, बस. आता पाठवणारा प्रोग्रॅमच मधे बंद पडला तर त्याची ऑपरेटिंग सिस्टिम कनेक्शन व्यवस्थित बंद करून टाकते, पलीकडच्या सर्व्हरला वाटतं फाइल संपली, आणि अर्धी फाइल पूर्ण नावाने तिथे पडून राहते. सर्व्हर २२६ कोड देतो, म्हणजे ट्रान्सफर झाली, पण त्याच्या दृष्टीने जेवढं आलं तेवढं आलं. त्यात भर म्हणजे जुने कमांड लाइन एफटीपी क्लायंट स्क्रिप्टमधून चालवले की आत लॉगिन फेल झालं किंवा फाइल सापडली नाही तरी एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा, ० म्हणजे सगळं ठीक) बरेचदा ० देतात, त्यामुळे फक्त एक्झिट कोड बघणाऱ्या स्क्रिप्टला सगळं छान दिसतं.

एसएफटीपी (एनक्रिप्टेड कनेक्शनवरून फाइल पाठवणारी पद्धत) आणि आरसिंक (दोन ठिकाणच्या फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्रॅम) यांच्यात ही बाजू बरी आहे. एसएफटीपी बॅच मोडमध्ये, म्हणजे कमांड आधीच लिहिलेल्या फाइलमधून देऊन चालवलं तर एखादी ट्रान्सफर फेल झाल्यावर ते तिथेच थांबतं आणि ० सोडून दुसरा कोड देतं. आरसिंक १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आणलं, त्याचे कोड तर पाठ करून ठेवावेत असे आहेत: २३ म्हणजे काही फाइली गेल्याच नाहीत, २४ म्हणजे कॉपी चालू असताना मूळ जागेवरून फाइल गायब झाली, ३० म्हणजे टाइमआउट. पण आरसिंकचं आउटपुट पाइप करून, म्हणजे पुढच्या कमांडला देऊन, लॉगमध्ये टाकलं की शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) मिळतो तो पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा कोड, आरसिंकचा नाही, आणि २३ असलेली रात्र लॉगमध्ये ० म्हणून नोंदली जाते. बॅश या शेलमध्ये पाइपफेल नावाचं सेटिंग यासाठीच आहे, ते लावलंच पाहिजे.

एक्झिट कोडनंतर साइज. दोन्हीकडचे बाइट मोजून जुळवले तर अर्धवट फाइल आणि डिस्क भरल्यामुळे झालेली ० बाइटची फाइल लगेच पकडली जाते. फक्त एफटीपी ॲस्की मोडमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या मोडमध्ये असेल तर विंडोज आणि लिनक्समध्ये ओळीच्या शेवटच्या खुणा बदलतात, साइज जुळत नाही, आणि झिपसारखी फाइल तर खराबच होते. बायनरी मोड ठेवा, त्यात बाइट जसेच्या तसे जातात.

साइज जुळली तरी आतलं जुळेलच असं नाही, म्हणून चेकसम, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बाइटवरून काढलेला छोटा आकडा. डेटा पॅकेटमधून नेणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलचं स्वतःचं चेकसम असतं खरं पण ते फक्त १६ बिटचं आहे, शिवाय ते पॅकेट जाताना तपासतं, पुढे डिस्कवर काय लिहिलं गेलं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे पाठवायच्या आधी शा-२५६ नावाचा चेकसम काढायचा, तो ६४ अक्षरांचा आकडा वेगळ्या छोट्या फाइलमध्ये सोबत पाठवायचा आणि पलीकडे डिस्कवरची फाइल पुन्हा वाचून जुळवायचा. अपघाताने झालेली मोडतोड पकडायला एमडी५ हा जुना चेकसम पण चालतो, पण कोणी मुद्दाम फाइल बदलेल अशी शक्यता असेल तर नको, २००४ पासून त्याची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींचा एकच आकडा, घडवता येते हे माहीत आहे. आणि मुद्दाम बदलाचीच भीती असेल तर नुसता शा-२५६ पण पुरत नाही, फाइल बदलणारा सोबतचा आकडाही बदलेल, तिथे डिजिटल सही लागते.

चेकसमलाही एक गोष्ट दिसत नाही. मूळ सर्व्हरवर फाइल अजून लिहिली जात असतानाच स्क्रिप्टने उचलली तर अर्ध्या फाइलचाच चेकसम निघतो, अर्धीच जाते आणि दोन्हीकडे तंतोतंत जुळते! म्हणून फाइलच्या शेवटी ट्रेलरची ओळ ठेवतात, त्यात एकूण किती रेकॉर्ड आणि रकमेची बेरीज किती हे असतं, आणि घेणारा स्वतः मोजून बघतो. पैशांच्या फाइलीत तर ट्रेलर नसेल तर ती फाइल घेऊच नये असं माझं मत आहे. दुसरा उपाय म्हणजे आधी तात्पुरत्या नावाने लिहायची आणि पूर्ण झाल्यावर खरं नाव द्यायचं. एकाच फाइल सिस्टिममध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे खऱ्या नावाने अर्धी फाइल कोणाला दिसत नाही. आरसिंक घेणाऱ्या बाजूला हे आपणहून करतं, बाकी ठिकाणी स्वतः करावं लागतं.

आता जो जॉब चाललाच नाही त्याचं काय? क्रॉन (ठरलेल्या वेळी जॉब चालवणारा प्रोग्रॅम) बंद पडला, सर्व्हर रीबूट झाला, पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत मेली, तर एररचा मेल पाठवायला कोणी उरतच नाही. इथे घेणाऱ्या बाजूला घड्याळ लागतं, म्हणजे सकाळी ६ पर्यंत आजच्या तारखेची फाइल आली नाही तर अलर्ट. भारतात यात टाइमझोनची गंमत नाही तर डोकेदुखी होते, सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर आपल्याकडे रात्री १२:३० वाजता तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७ असतात, फाइलच्या नावात कालची तारीख पडते आणि तपासणारी स्क्रिप्ट आजची शोधत बसते. दोन्ही बाजूंनी तारीख कुठल्या वेळेची ते आधीच लिहून ठरवावं.

दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये देवाणघेवाण असेल तर तोंडी भरवसा चालत नाही. २००५ च्या आरएफसी ४१३० मधल्या एएस२ पद्धतीत घेणारा एमडीएन नावाची पोच परत पाठवतो, त्यात मिळालेल्या मजकुराचा चेकसम असतो आणि पोचेवर डिजिटल सही घेता येते, त्यामुळे नंतर आम्हाला फाइल मिळालीच नाही असं म्हणता येत नाही. एसएफटीपीवर अशी पोच तयार मिळत नाही, म्हणून घेणाऱ्याने नाव, साइज, चेकसम आणि रेकॉर्डची संख्या लिहिलेली छोटी फाइल परत ठेवायची असं आपसात ठरवतात. मूळ फाइल डिलीट करायची असेल तर ती पोच आल्यावरच, आणि तोवर रीट्राय करताना तीच फाइल पलीकडे दोनदा प्रोसेस होणार नाही याची काळजी घेणाऱ्याने घ्यायची.