‘बहु दुखे छे’

बडोद्याच्या दांडिया बाजारात मावशीकडे गेलं की चहाच्या आधी फाइल पुढ्यात येते. चार वर्षांची कंबरदुखी, दोन एमआरआय. रिपोर्टमधलं ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली चकती फुगणं, मावशीने इतकं मनाला लावून घेतलंय की वाकणं सोडलं, जिना टाळला, घरातला झोपाळासुद्धा सुना पडला. “मणका सरकलाय माझा,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलेलं नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा एक आढावा 2015 मध्ये निघाला. त्यांतल्या विशीतल्या 30 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या, तर ऐंशीच्या घरातल्या 84 टक्के. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. काहींना त्यांचा त्रास होतोही, पण फोटोवरून ते ओळखता येत नाही.

मग इतकं दुखतं कशाने? मावशीला मी तिच्या लाडक्या सेव-उसळीचं उदाहरण दिलं. तिखट तरीने जीभ पोळते, पण भाजत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन नसांच्या टोकांवरच्या एका प्रथिनाला चेतवतं. एरवी ते साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेने जागं होतं, म्हणून मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये शोधलं आणि 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. वेदना खरी, इजा शून्य.

जुनाट दुखण्यात याहून वेगळी गोष्ट घडते. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजेनंतर खुद्द मज्जारज्जूच हळवा होतो, आणि किरकोळ निरोपही मोठा करून वर धाडतो. जखम भरली तरी हा हळवेपणा कधीकधी मागे राहतो. जागतिक आरोग्य संघटनेचं 2022 पासून लागू झालेलं रोगवर्गीकरण तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र जागा देतं. ‘मनाचे खेळ’ म्हणून हिणवले गेलेल्यांना एवढ्यानेही बरं वाटेल.

मावशीची सवय अशी: बरं वाटलं की दिवाळीच्या चकल्या एका बैठकीत उरकायच्या आणि मग तीन दिवस अंथरूण धरायचं. फिजिओथेरपिस्टने हे उलटं करायला सांगितलं. बरं वाटो न वाटो, रोज ठरलेली दहा मिनिटं चालायचं, आठवड्याने दोन वाढवायची. आता ती सुरसागर तलावापर्यंत जाते. दुखणं आहेच, पण त्याच्या धाकाने दिवस ठरत नाही. (पायातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा गेला किंवा दुखण्यासोबत ताप, वजन घटणं असं काही दिसलं तर मात्र थांबू नये, लगेच डॉक्टर गाठावा.)

खरी गफलत मला दवाखान्यात कळली. घरात मावशीकडे दुखण्याचे दहा शब्द आहेत: कळ, ठणका, चमक, आग, मुंग्या, शिवशिव. गुजराती डॉक्टरांसमोर मात्र एकच वाक्य, “कमर बहु दुखे छे.” चार वर्षं तेवढंच, आणि चार वर्षं त्याच गोळ्या. वेदनेच्या शब्दांचं मोल मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी ओळखलं होतं. 1975 मध्ये त्यांनी अशा शब्दांचीच प्रश्नावली केली. आग, मुंग्या, विजेसारखी चमक हे नसेच्या दुखण्याचे शब्द. त्यावर नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. अमिट्रिप्टिलिन, प्रिगॅबालिन अशी निराळी औषधं लागतात आणि तीही सगळ्यांना लागू पडत नाहीत. ती डॉक्टरांनीच ठरवायची, पण ठरवायला त्यांना शब्द तर मिळायला हवेत.

शेजारच्या बेनकडून आम्ही शब्द गोळा केले. मुंग्यांना ‘खाली चडवी’, आगीला ‘बळतरा’. मावशीने फाइलच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं: ‘जमणा पगमां खाली चडे छे, राते बळतरा थाय छे.’ (उजव्या पायात मुंग्या येतात, रात्री आग होते.) डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं, एमआरआय बाजूला ठेवला आणि पायाची संवेदना तपासायला कापूस नि टाचणी मागवली.