दिव्यांग व दुर्धर आजारी मुलांच्या पालकांना अर्थसाहाय्य (महाराष्ट्र)

दिव्यांगत्व असलेल्या किंवा दीर्घकाळ उपचार लागणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना मासिक अनुदान, आरोग्य विमा, करसवलत व उपचारखर्च या रूपांत मिळणारी शासकीय मदत. ती एका खिडकीवर मिळत नाही. तहसील कार्यालय, जिल्हा रुग्णालय आणि नोंदणीकृत संस्था असे तीन उंबरे पालकांना झिजवावे लागतात, आणि चालू न शकणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन ते झिजवणे हाही या संगोपनाचाच एक खर्च आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य असून बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात मासिक मदतीचा मुख्य आधार संजय गांधी निराधार अनुदान योजना हा आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये १५०० रुपये झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २५०० रुपये करण्यात आली. मात्र उत्पन्नाची अट इतकी खालची आहे की, जेमतेम पगारावर घर चालवणारे कुटुंबही तिच्याबाहेर राहते.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील निरामय विमा योजना ऑटिझम (स्वमग्नता), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे), बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. तिचे खरे मोल वेगळेच आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला अनेकदा आठवड्यातून दोन-तीनदा फिजिओथेरपी, जोडीला वाचोपचार (स्पीच थेरपी) आणि आकडीच्या झटक्यांवरची रोजची गोळी लागते. हा खर्च रुग्णालयात दाखल न होताच वर्षानुवर्षे चालू राहतो. नेहमीचा मेडिक्लेम सहसा तो देत नाही, निरामय मर्यादेत का होईना देते. बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे मात्र पालकांनी आधी खिशातून भरून, बिले जपून, मग मागायचे असतात. हातावर पोट असणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होते.

दुर्मीळ आजारांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार नियुक्त केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. दिव्यांग आश्रितासाठी आयकरात मिळणारी (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्वात सव्वा लाखाची, वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आणि अर्थातच कर भरणाऱ्यांनाच उपयोगी पडते.

मुलासाठी काम सोडणाऱ्या आईच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब वरीलपैकी कोणत्याही रकमेत नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, आणि केरळची आश्वासकिरणम् योजना काळजीवाहकाला दरमहा ६०० रुपये देते. ही रक्कम तुटपुंजी असली तरी ती सांभाळ करणाऱ्या माणसाच्या नावे दिली जाते, ही बाब महत्त्वाची आहे.