बाग, बाजार आणि श्रमदान... हे सगळं आलं कुठून?

छोट्या गावात काही नवीन सुरू करायचं म्हटलं की तीन गोष्टी हमखास पुढे येतात, सगळ्यांची मिळून एक बाग, आठवड्याचा शेतकरी बाजार आणि सुट्टीच्या दिवशी श्रमदान. बऱ्याच जणांना ही गेल्या दहा-वीस वर्षांतली फॅशन वाटते, पण तिन्हींच्या मागे खूप जुना इतिहास आहे आणि तो वाचताना मला एक गोष्ट परत परत जाणवत राहिली. माणसं भराभर जमतात, गाडी अडते ती जागेपाशी.

बाजारापासून सुरू करू, कारण तो सगळ्यात जुना. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये नवा बाजार भरवायचा तर राजाची सनद घ्यावी लागायची, त्यात कुठल्या वारी भरवायचा हेसुद्धा लिहिलेलं असायचं, आणि १२०० ते १३४९ या काळात तिथे साधारण दोन हजार नवे बाजार सुरू झाले. एवढे बाजार म्हटल्यावर शेजारच्या बाजाराचं गिऱ्हाईक तोडलं म्हणून भांडणं होणारच. तेराव्या शतकात ब्रॅक्टनच्या नावावर असलेल्या कायद्याच्या ग्रंथात यावर उत्तर दिलंय, दोन बाजारांत किमान सहा मैल आणि वर दोन तृतीयांश मैल एवढं अंतर हवं. हा विचित्र आकडा आला कुठून? तर धरून चालू की माणूस दिवसात वीस मैल चालतो, आता दिवसाचे तीन भाग करा, पहिल्या भागात बाजाराला चालत जायचं, दुसऱ्यात खरेदी-विक्री, तिसऱ्यात उजेड असेपर्यंत घरी परत. वीस भागिले तीन. मला हे फार आवडतं, बाजार कुठे असावा हे म्हातारं माणूस डोक्यावर टोपली घेऊन अंधार पडायच्या आत घरी पोचेल का यावरून ठरत होतं. बाजारात वाद झाला तर तिथल्या तिथे निवाडा करायला एक छोटं कोर्टही असायचं, त्याचं नाव फ्रेंचमधून आलेलं, अर्थ 'धुळीने भरलेले पाय', कारण समोर उभा असलेला व्यापारी उद्या दुसऱ्या गावाला निघून जाणार, त्याला तारखा देऊन काय उपयोग!

बागांची गोष्ट मात्र दुःखातून सुरू होते. इंग्लंडमध्ये गावाच्या सामाईक जमिनी, गुरं चारायला, सरपण गोळा करायला सगळ्यांच्या होत्या त्या, एकेक करून कुंपणं घालून खासगी करण्यात आल्या. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने यासाठी ५,२०० पेक्षा जास्त कायदे केले आणि ६८ लाख एकर जमीन त्यात गेली. शेतमजुराकडे चार वाफे लावायलाही जागा उरली नाही. मग १८४५ च्या कायद्यात भूमिहीनांसाठी थोडी जमीन राखून ठेवायची तरतूद आली, माणशी जास्तीत जास्त पाव एकर, म्हणजे आपल्या हिशोबाने दहा गुंठे. खरं बळ आलं १९०८ च्या कायद्याने, गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली की स्थानिक कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते आणि मागणी असेल तिथे जमीन पुरवणं हे कौन्सिलचं कर्तव्य ठरलं. या तुकड्यांना तिकडे अलॉटमेंट म्हणतात, ठरलेलं माप साधारण २५० चौरस मीटर, म्हणजे अडीच गुंठे. १९२५ मध्ये आणखी एक कायदा आला की कौन्सिलने खास यासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येणार नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य हेच आहे, आणि ते का हे पुढे येतंच.

जर्मनीत लाइपझिगला बाग आली ती मुलांमुळे. एका शाळेचे मुख्याध्यापक हाउशिल्ड यांनी १८६४ मध्ये पालकांची एक संस्था काढली आणि श्रेबर नावाच्या दिवंगत डॉक्टरांचं नाव तिला दिलं, पुढच्या वर्षी मुलांना खेळायला मैदान झालं. मग गेझेल नावाच्या शिक्षकांनी मैदानाच्या कडेने मुलांसाठी छोटे वाफे आखले. मुलांचा उत्साह किती टिकणार, थोड्याच दिवसांत वाफ्यांत तण माजलं आणि आईवडील स्वतः खुरपं घेऊन बसले! मग शेजारच्या वाफ्यावरच्यांशी गप्पा सुरू झाल्या, कुंपणं आली, छोट्या खोपटी आल्या, आणि जर्मनीत अजूनही अशा बागांना श्रेबरगार्टन म्हणतात, ज्या श्रेबरनी यातला एकही वाफा कधी पाहिला नव्हता.

अमेरिकेत डेट्रॉइटला १८९३ च्या मंदीत कारखाने बंद पडले, हजारो लोक बेकार. तिथले महापौर हेझन पिंग्री यांनी १८९४ मध्ये शहरातल्या पडीक जमिनी, सुमारे ४३० एकर, बेकार कुटुंबांना बटाटे आणि भाज्या लावायला दिल्या. सुरुवातीला टिंगल झाली, निधी जमेना, तेव्हा त्यांनी स्वतःचा घोडा लिलावात काढला. पीक चांगलं आलं आणि दुसऱ्या शहरांनीही कित्ता गिरवला. पण जमीन उसनी होती, मंदी सरली तशा जागा मूळ मालकांकडे परत गेल्या.

दोन्ही महायुद्धांत हेच झालं, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जवळपास दोन कोटी बागा होत्या आणि देशातली ४० टक्के ताजी भाजी त्यांतून येत होती असा अंदाज सांगितला जातो. युद्ध संपलं, बागा गेल्या. बॉस्टनची फेनवे बाग १९४२ पासून आजही आहे, पण अशा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या.

श्रमदानाची परंपरा तर जवळपास प्रत्येक समाजात वेगवेगळ्या नावाने सापडते. फिनलंडमध्ये तालकूत, अँडीज पर्वतातल्या गावांत मिंगा, नॉर्वेत दुग्नाद, आणि नॉर्वेच्या लोकांनी २००४ मध्ये दुग्नाद हाच आपला राष्ट्रीय शब्द म्हणून निवडला. सगळीकडे पद्धत एकच, आज तुझ्या छपराला मी हात लावतो, उद्या माझ्या कापणीला तू ये, आणि काम झालं की सगळ्यांनी सोबत जेवायचं. छोट्या गावाच्या बाबतीत मला जास्त मोलाचं वाटतं ते अमेरिकेतलं स्टॉकब्रिज. तिथे १८५३ मध्ये मेरी हॉपकिन्स यांनी पुढाकार घेऊन लॉरेल हिल असोसिएशन काढली, गावसुधारणेसाठी काढलेली ही अमेरिकेतली पहिली संस्था मानतात. दफनभूमी साफ करणं, रस्त्याकडेला झाडं लावणं, असली साधी कामं. सभासद व्हायचे दोन मार्ग होते, वर्गणी भरा, नाहीतर संस्था सांगेल तिथे एक झाड लावा आणि जगवा. ज्याच्याकडे पैसा नाही तो झाड जगवून बरोबरीचा सभासद! ही संस्था आजही काम करतेय.

मग विसाव्या शतकात सुपरमार्केट आली, गाड्या आल्या, आणि अमेरिकेत शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकतो ही गोष्टच जवळजवळ संपली. मालाचं पॅकिंग, आकार, लेबल यांचे नियम मोठ्या व्यापाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेले, छोट्या शेतकऱ्याला ते झेपायचेच नाहीत. १९७६ मध्ये न्यूयॉर्कला बॅरी बेनेपी आणि बॉब लुइस यांनी ग्रीनमार्केट नावाचा शेतकरी बाजार सुरू केला, १९७७ मध्ये कॅलिफोर्नियाने थेट विकणाऱ्या शेतकऱ्यांना त्या नियमांतून सूट दिली आणि दार उघडलं. अट एकच, जे पिकवलंय तेच विका, घाऊक बाजारातून आणलेला माल चालणार नाही. ही अट नसती तर तो बाजार आणि नेहमीचं दुकान यात फरक काय राहिला असता? अमेरिकेत १९९४ ला असे बाजार होते १,७५५, वीस वर्षांत ते आठ हजारांवर गेले. ब्रिटनमध्ये पहिला १९९७ ला बाथमध्ये भरला.

बागाही त्याच सुमारास परतल्या. न्यूयॉर्कमध्ये १९७३ ला लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला प्लॉट साफ करून माती टाकली, पुढच्या वर्षी शहराने तो महिना एक डॉलर भाड्याने दिला. अशा शेकडो बागा झाल्या, वस्ती सुधारली, जमिनीचे भाव वाढले, आणि १९९९ मध्ये शहराने ११४ बागा लिलावात काढायचं ठरवलं. ज्या लोकांनी घाण उपसून त्या जागेला किंमत आणली त्यांच्याच हातून ती जाणार होती. मोर्चे झाले, खटले झाले, शेवटी दोन संस्थांनी त्या बागा विकत घेतल्या म्हणून वाचल्या. १९२५ च्या त्या कायद्याबद्दल मी वर का बोललो ते इथे कळतं.

बाग, बाजार आणि श्रमदान एकाच गावात एकत्र बघायचं असेल तर इंग्लंडमधलं टॉडमोर्डन, वस्ती साधारण पंधरा हजार. २००८ मध्ये पॅम वॉरहर्स्ट आणि मेरी क्लिअर यांनी सुरुवात केली, ना अनुदान, ना कोणाची परवानगी. पोलिस चौकीच्या पुढ्यात मका लावला, रेल्वे स्टेशनवर वासाच्या पाल्याची झाडं, दवाखान्याच्या आवारात शोभेची काटेरी झुडपं होती तिथे फळझाडं आणि औषधी वनस्पती. कोणीही यावं, तोडून न्यावं, विचारायची गरज नाही. कौन्सिल नंतर सोबत आली आणि पडीक जागा लागवडीला मिळायचा रस्ता मोकळा झाला. बाजारातल्या विक्रेत्यांना छोट्या पाट्या दिल्या, आज इथल्या परिसरातलं काय आहे ते खडूने लिहायला, आणि लोक ते वाचून थांबायला लागले. रविवारी स्वयंसेवक जमतात, वाफे खुरपतात, कचरा उचलतात, आणि दुपारी अवजारं धुऊन ठेवली की सगळे एकत्र जेवायला बसतात.