बारमाही अ‍ॅस्टर: फुलं संपली म्हणून झाड उपटू नका

दरवर्षी संक्रांत झाली की नर्सरीत तीच तक्रार येते: "भाऊ, तुमचं अ‍ॅस्टर वाळलं, दुसरं रोप द्या." मागच्या जानेवारीत रावेरकडचे एक काका वाळलेलं झाड मुळासकट उपटून पिशवीत घेऊन आले. माती झटकली, तर सुतळीएवढ्या जाडीची सहा-सात खोडं आडवी पसरलेली आणि टोकांना गुलाबीसर कोंब. झाड जिवंत होतं. तसंच राहू दिलं असतं, तर त्यांचा हेलपाटा वाचला असता.

घोळ नावामुळे होतो. दसरा-दिवाळीच्या हारात ओवतो ते चिनी अ‍ॅस्टर एका हंगामाचं. बी धरलं की ते मरतं; ते उपटायचंच. आम्ही देतो ते निराळं. बुके भरायला फुलवाले 'डेझी' म्हणून वापरतात ते बारीक पाकळ्यांचं जांभळं, मधे पिवळं फूल. याचं मूळ रानझाड न्यूयॉर्क अ‍ॅस्टर. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत, खाऱ्या दलदलीच्या कडेला आणि ओल्या कुरणांत ते आपलं आपण वाढतं. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली त्याची शास्त्रात नोंद केली. तिकडे हिवाळ्यात वरचं सगळं जळून जातं, जमिनीतली आडवी खोडं तग धरतात आणि वसंतात पुन्हा फुटतात.

केळीवाल्यांना हे लगेच पटतं, कारण पिलबाग अशीच घेतात. खांब कापायचा, बुडाचा फुटवा म्हणजे पील राखायचं. इथेही फुलं संपली की काड्या जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा. बुडाशी पानांचा छोटा झुपका दिसेल, तोच पुढच्या वर्षीचा बहार.

ओल्या जागेचं झाड आहे म्हणून वाफ्यात पाणी तुंबवू नका. त्याच्या रानात ओल असते, पण आपल्यासारखा ४४-४५ अंशांचा उन्हाळा नसतो. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून तापलं की मुळं कुजतात. गादीवाफा करा, शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. मार्च ते जून दुपारची सावली हवीच. शेडनेट नसेल तर शेवग्याखालची विरळ सावलीही चालते. दाटी झाली की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून कडेचे जोमदार फुटवे वेगळे लावा. मधला जुना भाग टाकून द्या.

बी का देत नाही, असं बरेच जण विचारतात. बियांपासून आलेलं रोप रंगाला आणि उंचीला आईसारखंच निघेल याची खात्री नसते. आम्ही फुटव्यांपासूनच रोपं करतो, त्यामुळे दर चिनी अ‍ॅस्टरपेक्षा जास्त आहे. पण तिसऱ्या वर्षी त्याच गड्ड्यातून तुमची स्वतःची रोपं निघतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कोणी कितीही आग्रह केला तरी आम्ही हे रोप विकत नाही, त्या उन्हात लावलेलं जगत नाही. पाऊस बसला की जुलैत या. तेव्हा पिशवीत फूल दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे. दिवस लहान व्हायला लागल्यावर हे झाड कळ्या धरतं.

आणि वाळलंय असं वाटलं, तर आधी बुडाची माती बोटाने उकरून पाहा. कोंब सापडला नाही तर कुंडीसकट घेऊन या. आमच्याकडून नेलेल्या झाडाची छाटणी आणि गड्डा फोडणं आम्ही समोर करून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.