रंगीत तालीम

रंगीत तालीम म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य, प्रकाश आणि संगीत यांसह, प्रेक्षकांविना, मध्ये न थांबता केलेला नाटकाचा संपूर्ण प्रयोग. वाचन, उभ्या तालमी (हालचालींसह केलेल्या तालमी) आणि तांत्रिक तालीम झाल्यावर ती होते. तांत्रिक तालमीत मधले संवाद गाळून एका क्यूवरून (दिवा, संगीत किंवा प्रवेश सुरू करण्याच्या इशाऱ्यावरून) थेट पुढच्या क्यूवर जातात आणि चुकलेली जागा पुन्हा करून घेतात. रंगीत तालमीत पात्र अडले किंवा दिवा उशिरा आला तरी दिग्दर्शक नाटक थांबवत नाही, टिपण करतो. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार असताना, लुगडे बदलून उलट्या विंगेत (रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूच्या आडोशाला) पोहोचायला किती वेळ लागतो, हे नाटक सलग चालले तरच कळते.

नागपुरातल्या हौशी संस्थांची अडचण जागेची असते. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा सायंटिफिक सभागृह तालमीसाठी वेगळा दिवस घेणे खर्चाचे जाते. राज्य नाट्य स्पर्धेत रंगमंच बहुतेकदा प्रयोगाच्या दिवशीच हाती येतो. मग एखाद्या शाळेच्या सभागृहात रंगीत तालीम करावी लागते. अशा वेळी आधी खऱ्या रंगमंचाची रुंदी, खोली आणि विंगांमधली अंतरे टेपने मोजून आणावीत, जमिनीवर खडूने आखावीत आणि फ्लॅट (भिंतींसाठीच्या उभ्या चौकटी), लेव्हल (उंच चौथरे) त्याच मापात मांडावेत. आखणीशिवाय केलेल्या तालमीत हालचाली ऐसपैस बसतात. प्रयोगाला तीच पात्रे एकमेकांच्या प्रकाशात उभी राहतात.

तालमीचा दिवस नेपथ्यापासून सुरू होतो. फ्लॅट उभे करून मागून टेकू व वजन दिले की दार चार-पाच वेळा जोरात लावून पाहावे. भिंत थरथरली तर टेकू कमी पडतो आहे. लेव्हलवर नवी चप्पल घालून चालून पाहावे, कारण पोकळ फळीवरचा आवाज हळू संवाद गिळतो. त्यानंतर दिवे. कापड आणि जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) यांची गाठ इथेच पडते: दिवसाउजेडी उठून दिसणारी लाल साडी निळ्या प्रकाशात काळपट पडते. साडी बदलायची की समोरून थोडा पांढरा प्रकाश मिसळायचा, हे वेशभूषाकार आणि प्रकाशयोजनाकाराने एकत्र बसूनच ठरवावे. चेहरा अंधारात राहत असेल तर दिवा हलवण्याआधी पात्र आपल्या खुणेवर उभे आहे का ते पाहावे. पुष्कळदा ते पाऊलभर मागेच थांबलेले असते.

रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, भरलेल्या सभागृहात माणसे तो शोषून घेतात. म्हणून तालमीत ठरलेली संगीताची पातळी प्रयोगात कमी वाटते, आणि ऑपरेटरने ती वाढवण्याची तयारी ठेवावी. संगीत नाटक असेल तर वादकांनी वाद्ये आधीच सभागृहात आणून ठेवावीत. वातानुकूलित कोरड्या हवेत तबल्याचे चामडे आवळते आणि स्वर चढतो; आल्या आल्या लावलेला तबला पहिल्या अंकातच बेसूर होऊ शकतो.

विंगेतल्या प्रॉपर्टीच्या (नाटकात हाताळायच्या वस्तूंच्या) टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा आखून तिथे नाव लिहितात. जागा रिकामी दिसली की वस्तू आत गेली आहे किंवा हरवली आहे, हे रंगमंच व्यवस्थापकाला अंधारातही चटकन कळते. पहिल्या घंटेपूर्वी हे टेबल एकाच माणसाने तपासावे. दोघांवर सोपवले की दोघेही दुसऱ्यावर विसंबतात.

मिशी स्पिरिट गमने (रंगभूषेतल्या डिंकाने) चिकटवतात. गम किंचित चिकट होईपर्यंत थांबून मगच केस दाबायचे असतात; घाई केली तर दिव्यांच्या उष्णतेने घाम येऊन मिशीची टोके सुटतात. म्हणून रंगीत तालमीत पूर्ण रंगभूषा करावी, अर्ध्यावर भागवू नये.

तालीम संपल्यावर टिपणे आधी तंत्रज्ञांना द्यावीत, कारण त्यांना सामान हलवायचे असते, मग नटांना. या टप्प्यावर क्यू, वेळा आणि आवाज दुरुस्त करावेत. नवे वाक्य किंवा नवी हालचाल देऊ नये: नट ती लक्षात ठेवण्याच्या नादात बसलेली जागा विसरतो आणि प्रकाशाचा क्यूही चुकतो.