जेरीमँडरिंग : मतदारसंघाची रेघ आणि न्यायाधीशाची खुर्ची

जेरीमँडरिंग : मतदान होण्याआधीच निकालाची सोय लागावी अशा बेताने मतदारसंघांच्या सीमा आखण्याची अमेरिकेतील राजकीय पद्धत. मतदाराने प्रतिनिधी निवडायचा असतो. इथे प्रतिनिधीच आपले मतदार निवडतो. अमेरिकी संघराज्यात दर दहा वर्षांनी जनगणना होते, प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा लोकसंख्येच्या प्रमाणात घटकराज्यांना वाटून दिल्या जातात आणि बहुतेक राज्यांत नकाशा काढण्याचे काम तेथील विधिमंडळाकडे असते. म्हणजे ज्या पक्षाचे बहुमत, पेन्सिल त्याच्या हाती. या नकाशांवर दाद मागायची ती न्यायालयात, आणि न्यायाधीश तेथे बसतात ते पक्षीय मतदानातून. त्यामुळे मतदारसंघांची भांडणे आणि न्यायाधीशांच्या नेमणुकांची भांडणे वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या पानांवर छापली जात असली, तरी ती एकच लढाई आहे.

शब्दाची जन्मकथा प्रसिद्ध आहे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्य सिनेटच्या नव्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यातील एक मतदारसंघ असा वेडावाकडा निघाला, की बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्या नकाशाला पंख, नख्या आणि जबडा चिकटवून व्यंगचित्र छापले. सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याचे आणि गेरींचे नाव जोडून ‘गेरीमँडर’ तयार झाला. गव्हर्नरांच्या आडनावाचा उच्चार ‘गेरी’. शब्द मात्र पुढे ‘जेरी’ने सुरू होऊ लागला. त्या वर्षी त्यांच्या पक्षाला सिनेटसाठी विरोधकांपेक्षा कमी मते पडूनही ४० पैकी २९ जागा मिळाल्या. गव्हर्नरपदाची निवडणूक संपूर्ण राज्याची, तिथे रेघा मारता येत नाहीत. ती गेरी हरले. पुढे ते उपराष्ट्राध्यक्ष झाले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. लोकांच्या लक्षात राहिला तो सरडा.

पद्धत समजायला गणित फार लागत नाही. पन्नास मतदार धरा : ‘अ’ पक्षाचे ३०, ‘ब’ पक्षाचे २०. दहा-दहा मतदारांचे पाच मतदारसंघ करायचे आहेत. प्रत्येक मतदारसंघात सहा ‘अ’ आणि चार ‘ब’ घातले, तर ‘अ’ला पाचही जागा मिळतात. पेन्सिल ‘ब’च्या हाती असेल तर तो ‘अ’चे नऊ-नऊ मतदार दोन मतदारसंघांत कोंबतो, उरलेल्या तिन्हींत स्वतःचे सहा-सहा ठेवतो आणि अल्पमतात असूनही पाचपैकी तीन जागा नेतो. माणसे तीच, मतेही तीच. या दोन युक्त्यांना ‘कोंबणे’ आणि ‘फोडणे’ म्हणता येईल. विरोधकांना थोड्या जागांवर दाटीने बसवायचे म्हणजे तिथली त्यांची जादा मते वाया जातात; आणि उरलेल्यांना इतके पातळ पसरवायचे, की ते कुठेच बहुमतात येऊ नयेत. पूर्वी हे काम कागदी नकाशे आणि अनुभवी कार्यकर्त्यांची स्मरणशक्ती यांवर चाले. आता संगणकाला गल्लीगणिक जुने निकाल माहीत असतात.

न्यायालये सुरुवातीला या वादापासून लांब राहिली. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. फ्रँकफर्टर यांनी या विषयाला राजकारणाचे काटेरी जंगल म्हटले आणि न्यायालयाने त्यात शिरू नये असे बजावले. परंतु टेनेसी राज्याने १९०१ नंतर साठ वर्षे नकाशाच बदलला नव्हता. शहरे फुगली, खेडी ओसरली, जागा होत्या तशाच. १९६२ च्या ‘बेकर विरुद्ध कार’ निकालाने न्यायालयाचे दार उघडले आणि १९६४ च्या निकालांनी मतदारसंघांची लोकसंख्या समान ठेवणे बंधनकारक केले. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांना आपल्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा निकाल ‘बेकर’ वाटे. शाळांतील वांशिक विभागणी ज्यांच्या काळात घटनाबाह्य ठरली, त्या माणसाचे हे मत आहे.

लोकसंख्या समान झाली, पण आकारावर बंधन आले नाही. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर कृष्णवर्णीयांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून काही मतदारसंघ मुद्दाम जोडले गेले. नॉर्थ कॅरोलायनाचा बारावा मतदारसंघ सुमारे १६० मैल लांब होता आणि बराचसा भाग एका महामार्गाच्याच रुंदीचा. गाडीची दोन्ही दारे उघडी ठेवून या रस्त्याने गेलात तर मतदारसंघातले बहुतेक लोक मरतील, अशा अर्थाचा एका आमदाराचा शेरा १९९३ च्या निकालपत्रात नोंदला गेला. वंश हाच मुख्य निकष मानून रेघ मारणे तेव्हापासून संशयास्पद ठरले. मग नकाशे काढणारे सांगू लागले, ‘आम्ही वंश नव्हे, पक्ष पाहिला.’ दक्षिणेत कृष्णवर्णीयांची दहापैकी आठ-नऊ मते डेमोक्रॅटांना पडतात, तिथे ही दोन कारणे एकमेकांपासून कशी वेगळी काढायची, हे आजवर नीट सुटलेले नाही.

न्यायाधीशांच्या नेमणुका : संघराज्याच्या न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतो आणि सिनेट त्याला संमती देते. नेमणूक तहहयात असते. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य. कॅलिफोर्नियाचे दोन आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचेही दोन. राज्यांच्या सीमा कुणाला हलवता येत नाहीत, म्हणून सिनेटवर जेरीमँडरिंग चालत नाही. मात्र प्रतिनिधिगृहाचे नकाशे वैध की अवैध, हे ठरवणारे न्यायाधीश याच सभागृहातून पसंत होऊन येतात.

१९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी अँटोनिन स्कॅलिया यांच्या बाजूने ९८ मते पडली, विरुद्ध एकही नाही. पुढच्याच वर्षी रॉबर्ट बोर्क यांना सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारले आणि त्यांचे आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. तिथून घसरण सुरू झाली असे रिपब्लिकन मानतात. डेमोक्रॅटांची सुरुवात वेगळ्या तारखेला होते. २०१३ मध्ये रिपब्लिकनांनी नेमणुका अडवून धरल्या, तेव्हा डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी लागणारी साठ मतांची अट कनिष्ठ न्यायालयांच्या नेमणुकांसाठी काढून टाकली. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्कॅलिया वारले. ओबामांनी मेरिक गार्लंड यांचे नाव पाठवले; सिनेटमधील बहुमताचे नेते मिच मॅकॉनल यांनी निवडणुकीचे वर्ष आहे म्हणून २९३ दिवस साधी सुनावणीही होऊ दिली नाही. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी साठची अट सर्वोच्च न्यायालयासाठीही मोडली आणि त्या खुर्चीत नील गोर्सच बसले. २०१८ मध्ये अँथनी केनेडी निवृत्त झाले, ब्रेट कॅव्हनॉ ५० विरुद्ध ४८ मतांनी आले. २०२० ची निवडणूक आठ दिवसांवर असताना एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ ने मंजुरी मिळाली. निवडणुकीच्या वर्षाचा मुद्दा त्या वेळी कुणाला आठवला नाही.

यातल्या दोन खुर्च्यांचा नकाशांशी थेट संबंध आहे. २००४ मध्ये पक्षीय जेरीमँडरिंगचा प्रश्न न्यायालयापुढे आला, तेव्हा केनेडींनी तक्रार फेटाळली, पण दार लावले नाही. योग्य मोजमाप सापडले तर पुढे पाहू, असे त्यांचे म्हणणे. चौदा वर्षे प्राध्यापक आणि वकील केनेडींना पटेल असे मोजमाप शोधत राहिले. ‘वाया गेलेल्या मतां’ची सूत्रे निघाली, संगणकाने हजारो पर्यायी नकाशे काढून तुलना केली. मग केनेडी निवृत्त झाले. २७ जून २०१९ रोजी ‘रूचो विरुद्ध कॉमन कॉज’ खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : पक्षीय जेरीमँडरिंग लोकशाहीशी विसंगत असेलही, पण तो राजकीय प्रश्न आहे, संघराज्याची न्यायालये त्यात पडणार नाहीत. न्या. एलेना केगन यांनी आपले विरोधी मत न्यायालयात वाचून दाखवले. त्या पाचांत गोर्सच होते आणि कॅव्हनॉही. नेमणुका वेगळ्या झाल्या असत्या तर निकालही वेगळा लागला असता, असे म्हणायला फार धाडस लागत नाही.

नॉर्थ कॅरोलायना : हा खटला ज्या राज्यातून आला ते जवळून पाहण्याजोगे आहे. राज्य जवळपास निम्मे-निम्मे विभागलेले. २०१६ मध्ये नकाशा समितीचे रिपब्लिकन नेते डेव्हिड लुइस यांनी समितीच्या बैठकीत उघडच सांगितले, की नकाशा दहा रिपब्लिकन आणि तीन डेमोक्रॅट निवडून येतील असा काढावा, कारण अकरा आणि दोन असा काढणे शक्य दिसत नाही. वांशिक हेतूचा आरोप टाळायला पक्षीय हेतूची कबुली! रेघा मारणारे तज्ज्ञ टॉमस हॉफेलर २०१८ मध्ये वारले. त्यांच्या संगणकाच्या डिस्क मुलीच्या हाती लागल्या आणि त्यांतल्या फायली थेट न्यायालयात पोचल्या.

त्या नकाशाची एक रेघ ग्रीन्सबरो शहरात नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी विद्यापीठाच्या आवारातून गेली होती. कृष्णवर्णीयांचे हे नावाजलेले विद्यापीठ. १९६० मध्ये वूलवर्थच्या खाद्यगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकावर जाऊन बसलेले चार विद्यार्थी इथलेच. आवाराचा एक भाग सहाव्या मतदारसंघात, दुसरा तेराव्यात. वसतिगृह बदलले की खासदार बदलायचा, आणि दोन्हीकडे निवडून यायचे रिपब्लिकनच.

‘रूचो’ने संघराज्याचे दार लावल्यावर भांडण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथले सात न्यायाधीश लोक निवडतात, आणि २०१८ पासून मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्षही छापला जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये चार डेमोक्रॅट न्यायाधीशांनी तीन रिपब्लिकनांच्या विरोधाला न जुमानता नवा नकाशा रद्द केला. न्यायालयाच्या देखरेखीखालच्या नकाशावर निवडणूक झाली आणि १४ जागांपैकी सात-सात आल्या. त्याच दिवशी न्यायाधीशांच्या दोन जागाही रिपब्लिकनांकडे गेल्या. एप्रिल २०२३ मध्ये नव्या पाच विरुद्ध दोन बहुमताने तोच खटला पुन्हा ऐकून जुना निकाल उलटवला. घटना तीच, कलमे तीच. पुन्हा नकाशा निघाला आणि २०२४ मध्ये दहा विरुद्ध चार असा निकाल लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विधिमंडळाने तो अकरा-तीनच्या बेताने परत बदलला. या राज्यात मतदारसंघांच्या कायद्यावर गव्हर्नरला नकाराधिकार नाही.

‘रूचो’ खटल्यात वॉशिंग्टनला युक्तिवाद करणाऱ्या वकिलांपैकी ॲलिसन रिग्ज पुढे याच राज्य न्यायालयात न्यायाधीश झाल्या. २०२४ मध्ये त्या ७३४ मतांनी निवडून आल्या; पराभूत उमेदवाराने साठ हजारांहून अधिक मतपत्रिकांवर हरकत घेतली आणि निकाल पक्का व्हायला सहा महिने लागले.

इतर राज्ये : विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०२३ च्या न्यायाधीशाच्या निवडणुकीत जॅनेट प्रोटासेविच यांनी विद्यमान नकाशांना प्रचारातच ‘लबाडीचे’ म्हटले, त्या जिंकल्या आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने ते नकाशे रद्द केले. डेमोक्रॅटही या खेळात मागे नाहीत. मेरीलँडच्या एका मतदारसंघाला न्यायाधीशाने पंख मोडलेल्या टेरोडॅक्टिलची उपमा दिली होती, आणि तो नकाशा डेमोक्रॅटांचा.

विधिमंडळाच्या हातून पेन्सिल काढून आयोगाला द्यावी, हा उपाय काही राज्यांनी केला. मिशिगनच्या मतदारांनी २०१८ मध्ये चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच अपक्ष अशा सामान्य नागरिकांचा आयोग मंजूर केला. त्याने काढलेल्या डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघातून २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, गेले. पक्षांतर्गत निवडणुकीत उमेदवारांची गर्दी होती. ते एक तृतीयांशाहून कमी मतांवर पुढे आले. त्यामुळे सुमारे सात दशकांत प्रथमच डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. याच आयोगाने काढलेले राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने वांशिक कारणावरून रद्द केले. आयोग प्रामाणिक असला तरी रेघ कुणाच्या तरी अंगणातून जातेच.

महाराष्ट्रातील वाचकाला यातले प्रभाग रचनेचे राजकारण लगेच ओळखू येईल. मुंबई महापालिकेच्या २२७ जागा महाविकास आघाडीने २३६ केल्या आणि २०२२ मध्ये सत्ता पालटताच शिंदे सरकारने त्या परत २२७ वर आणल्या. लोकसभा-विधानसभेचे काम मात्र स्वतंत्र परिसीमन आयोग करतो आणि न्यायाधीशांची निवड न्यायवृंदाकडे आहे. दोन्ही व्यवस्थांवर टीका होते. पण कायदेमंडळातले बहुमत दोन्हींवर एकाच वेळी हात ठेवू शकत नाही.

२०२५ : जनगणनेची वाट न पाहता नकाशा बदलण्याचा प्रकार टेक्सासने २००३ मध्ये केला होता. तेव्हा डेमोक्रॅट आमदार गणपूर्ती मोडण्यासाठी शेजारच्या ओक्लाहोमात पळाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या आग्रहाने पाच जादा रिपब्लिकन जागांसाठी नकाशा पुन्हा बदलायचा ठरला. या वेळी आमदार इलिनॉयला गेले, दोन आठवड्यांनी परतले आणि नकाशा मंजूर झाला. एल पासो येथील संघीय न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक मताने थांबवला. निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश ट्रम्प यांनीच नेमलेले होते, एवढी नोंद वरच्या सगळ्या विवेचनाच्या विरुद्ध बाजूला ठेवली पाहिजे. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. टेक्सासच्या नकाशाला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्याआधीच, ४ नोव्हेंबर रोजी, आपल्याच स्वतंत्र आयोगाचा नकाशा दशकाअखेरपर्यंत बाजूला ठेवून डेमोक्रॅटांच्या सोयीचा नकाशा सुमारे ६४ टक्के मतांनी स्वीकारला. इंडियानात ११ डिसेंबर रोजी राज्य सिनेटपुढे असाच प्रस्ताव आला. पन्नासपैकी चाळीस सदस्य रिपब्लिकन, वरून वॉशिंग्टनचा दबाव. त्यातल्या एकवीस जणांनी विरोधकांबरोबर मत दिले आणि नकाशा ३१ विरुद्ध १९ ने पडला.