पब्लिक की पाठवताना: ब्लॉगसाठी होस्टिंग घेणाऱ्या ग्राहकांसाठी

व्हीपीएस (तुमच्या एकट्याच्या वाट्याचा वेगळा सर्व्हर) सुरू करून देताना आम्ही तुमच्याकडे एकच फाइल मागतो, पब्लिक कीची. सर्व्हरवर लॉगिन पासवर्डऐवजी दोन फाइलींच्या जोडीने होतं: पब्लिक की आणि प्रायव्हेट की. व्हॉट्सअॅपवर येते ती मात्र बहुतेक वेळा प्रायव्हेट की. मग काम तिथेच अडतं आणि फोन येतो, "भाऊ, फाइल तर कालच पाठवली, साइट का नाही चालू झाली?"

यात दोष तुमचा कमी, विंडोजचा जास्त. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) एसएसएच-कीजेन ही की बनवणारी कमांड चालवली की एकाच नावाच्या दोन फाइली तयार होतात. पब्लिक कीच्या नावापुढे 'डॉट पब' असतं, पण मशीनवर ऑफिसमधलं पब्लिशर असेल तर विंडोज ते लपवून ठेवतं. वर 'टाइप'च्या रकान्यात 'पब्लिशर डॉक्युमेंट' असं लिहून मोकळं होतं. पब्लिशर आपण जन्मात उघडलेलं नसतं, म्हणून ती सोडून दुसरी पाठवली जाते. पाठवण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'एसएसएच'पासून सुरू होणारी एकच लांबलचक ओळ दिसली तर ती पाठवा. वर 'बिगिन' आणि 'प्रायव्हेट की' दिसलं तर लगेच बंद करा. पब्लिक की म्हणजे कुलूप, ते आम्ही सर्व्हरला लावतो. चावी, म्हणजे प्रायव्हेट की, तुमच्याकडेच राहायला हवी. ती आम्हालाही द्यायची नाही.

चुकून गेलीच तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून भागत नाही. ती जोडी बाद. नवी बनवायची, जुनी सर्व्हरवर चढवली असेल तर तिथून काढायची. तुमचा अर्धा दिवस जातो, आमचाही.

"त्यापेक्षा पासवर्डच द्या ना," असं पुष्कळ जण म्हणतात. नाही देत, तात्पुरता सुद्धा नाही. सर्व्हर इंटरनेटवर आला की थोड्याच वेळात २२ नंबरच्या पोर्टवर (लॉगिनचं नेहमीचं दार) रूट, अॅडमिन, टेस्ट अशा नावांनी पासवर्ड लावून बघणं सुरू होतं. माणसं नव्हेत, बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम. दुकानावर या, लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडून दाखवतो. फाइली चढवायलाही साधं एफटीपी नको, त्यात पासवर्ड उघडाच जातो. एसएफटीपी वापरा, त्यात सगळं गुप्त होऊन जातं; फाइलझिला या फाइली चढवायच्या प्रोग्राममध्ये तुमची हीच प्रायव्हेट की चालते. कीला पासफ्रेज (की वापरण्याआधी विचारला जाणारा पासवर्ड) लावा आणि लॅपटॉप फॉरमॅटला देण्याआधी तिची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

व्हीपीएस सगळ्यांनाच लागतो असं नाही. विकतो आम्हीच, तरी सांगतो. भरीत-कळण्याच्या रेसिपींचा ब्लॉग, दिवसाला शे-दोनशे वाचक, एवढ्याला शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पुरतं. आधी कॅशिंगचं प्लगइन लावा, ते तयार पान साठवून पटकन देतं. कानबाईच्या दिवसांत किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत गर्दी उसळून साइट '५०८ रिसोर्स लिमिट' दाखवायला लागली, की मग आमच्याकडे या. कुठेही घ्या, पण पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, रिन्यूअलचा बघा. 'अनलिमिटेड'च्या खाली बारीक अक्षरात फाइलींच्या संख्येची मर्यादा असते, तीही वाचा. एसएसएलचे (साइटच्या पत्त्यापुढे कुलूप आणणाऱ्या सर्टिफिकेटचे) वेगळे पैसे मागितले तर का ते विचारा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. वाचक जळगाव, पुणे, सुरतचे असतील तर सर्व्हर मुंबईतला घ्या, अमेरिकेतला कशाला?

की बनवणं जमतच नसेल तर लॅपटॉप घेऊन या, समोर बसून करून देतो. त्याचे पैसे नाहीत. जुन्या होस्टिंगवरून ब्लॉग हलवायचे मात्र लागतात, आणि ते आधीच सांगतो.